मुलींना फी माफ आहे, पण प्रवेश कोणत्या दारातून झाला ते आधी बघा

मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ आहे, हे खरं आहे. ८ जुलै २०२४ ला शासन निर्णय निघाला. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क, दोन्ही शंभर टक्के माफ. पण त्याच निर्णयात असंही लिहिलेलं आहे की प्रवेश सीईटी सेलच्या, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षा कक्षाच्या, केंद्रीभूत फेऱ्यांतून, म्हणजे कॅपमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातल्या आणि संस्थास्तरावरच्या, म्हणजे कॉलेज स्वतः देतं त्या प्रवेशाला ही माफी नाही. खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यांनाही ती लागू नाही. ही अट आमच्यापासून ठरवून लपवली गेली. त्यात माझ्या मुलीचं एक वर्ष गेलं आणि घरातलं सोनं बँकेत गेलं. यंदा ज्यांची मुलं बारावीला आहेत, त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहिते.

आम्ही सोलापूर जिल्ह्यातले. मिस्टर एसटीत आहेत, मी शिवणकाम करते. मुलगी ओबीसी. जात पडताळणी, नॉन-क्रिमिलेअर, उत्पन्नाचा दाखला हे सगळं आम्ही वेळेत काढून ठेवलं होतं. २०२४ च्या सीईटीत तिला चांगले पर्सेंटाइल पडले, फार मोठे नाही. निकाल लागला त्याच संध्याकाळपासून फोन सुरू झाले. समोरच्याला तिचं नाव माहीत, पर्सेंटाइल माहीत, कुठल्या गावची तेही माहीत. ही माहिती त्यांच्यापर्यंत कशी पोहोचते याचा तपास कोणीतरी करायला हवा, कारण पुढचा सगळा डाव तिच्यावरच उभा राहतो. आपलं सगळं ठाऊक असलेला माणूस आपोआप अधिकृत वाटायला लागतो.

पुण्यातल्या एका ॲडमिशन कन्सल्टन्सीचा मुलगा जास्त चिकाटीचा निघाला. गोड बोलायचा, मला 'काकू' म्हणायचा. कॅपच्या दुसऱ्या फेरीत मुलीला इंजिनिअरिंगची आयटी शाखा मिळाली होती. कॉलेज आमच्याच भागातलं, विनाअनुदानित पण विद्यापीठाशी संलग्न. तिथे शिक्षण शुल्क शून्य झालं असतं. विकास शुल्क आणि येण्याजाण्याचा खर्च, एवढंच आमच्या अंगावर आलं असतं. ही जागा पक्की करायची मुदत चालू असतानाच त्याचा फोन आला. "काकू, ती सीट फ्रीझ करू नका. तिथे कंपन्या येतात का? पुण्यात कॉम्प्युटर मिळवून देतो. फी माफी इथेही तीच आहे, शासनाची योजना आहे, कॉलेजची नाही." हेच त्याने व्हॉट्सॲपवरही लिहून पाठवलं. तो मेसेज मुलीने स्क्रीनशॉट काढून ठेवला होता, आणि पुढे तोच आमच्या कामी आला. त्याने स्वतःच्या बाजूने मेसेज नंतर पुसून टाकला.

कॅम्पस बघायला आम्ही तिघंही गेलो. गेट एकच, आत इमारती पुष्कळ. ब्रोशरच्या पहिल्या पानावर एआयसीटीई म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता, नॅकचा दर्जा आणि सीईटी सेलचा कॉलेज कोड. तो कोड मुलीने जागेवरच मोबाईलवर तपासला. बरोबर निघाला. त्या कोडचं कॉलेज खरंच त्या आवारात आहे, कॅपमध्ये आहे आणि तिथे माफीही लागू आहे. फक्त आमचा प्रवेश त्या कॉलेजात झालाच नाही. त्याच संस्थेचं, जवळपास त्याच नावाचं एक खासगी विद्यापीठ त्याच आवारात आहे. प्रवेश तिथे झाला.

पावती आजही माझ्याकडे आहे. वर संस्थेचं मोठं बोधचिन्ह, खाली मुलीचं नाव, शाखा, रक्कम. अगदी तळाला बारीक अक्षरात एक ओळ, 'यूजीसी कायदा १९५६, कलम २ (एफ) अन्वये'. कॉलेज कोड नाही, संलग्न विद्यापीठाचं नाव नाही. यूजीसी म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोग. या ओळीचा अर्थ असा की ही संस्था स्वतःच विद्यापीठ आहे, पदवीही तीच देणार. सोलापूरचं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर विद्यापीठ किंवा पुण्याचं सावित्रीबाई फुले विद्यापीठ यांचा त्या पदवीशी संबंध नसतो. अशी पदवी खोटी नसते, हेही सांगायला हवं. कलम २ (एफ) खालचं विद्यापीठ कायदेशीर असतं आणि काही ठिकाणी चांगलं शिकवतातही. ज्यांची ऐपत आहे त्यांनी जरूर जावं. पण तिथली फी आणि शासनाच्या सवलती यांचा हिशोबच वेगळा. संलग्न कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर बघायला मिळते. खासगी विद्यापीठ आपली फी आपण ठरवतं. आम्हाला लागलेली फी वर्षाला दोन लाख पंच्याऐंशी हजार, वर हॉस्टेल आणि मेस वेगळं.

पहिला हप्ता सोनेतारण कर्जातून भरला. "माफीचे पैसे शासनाकडून आले की तुमच्या खात्यात परत," असं काउंटरवरच्या मॅडमनीही सांगितलं. कन्सल्टन्सीने 'प्रोसेसिंग' म्हणून साठ हजार रोख घेतले, पावती दिली नाही. त्याच दिवशी शंभरच्या स्टँपवर छापील हमीपत्र पुढे केलं, मध्येच शिक्षण सोडल्यास उरलेल्या सर्व वर्षांची फी भरीन असं. दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला 'व्हेरिफिकेशनसाठी' ठेवून घेतला. पलीकडे कॅपची मुदत संपून आयटीची जागा गेली होती.

पुढे महाडीबीटीचा, म्हणजे शासनाच्या शिष्यवृत्ती आणि फी माफीच्या पोर्टलवरचा अर्ज भरायची वेळ आली. यादीत त्या आवारातल्या जुन्या कॉलेजचं नाव दिसत होतं, म्हणून मुलीने तेच निवडून अर्ज भरला. कॉलेजने अर्ज परत पाठवला. ती स्कॉलरशिप विभागात गेली तर तिथला क्लार्क म्हणाला, "ताई, तुम्ही आमच्या विद्यार्थिनी नाहीच. तुम्ही युनिव्हर्सिटीच्या. त्यांना महाडीबीटी नाही." त्याच आवारात, त्याच रंगाचं ओळखपत्र गळ्यात घालून उभ्या असलेल्या मुलीला हे ऐकावं लागलं. त्या रात्री तिने फोनवर काहीच सांगितलं नाही, जेवलीस का विचारलं तर हो म्हणाली. दिवाळीत घरी आली तेव्हा तिच्या गणिताच्या वहीचं मागचं पान माझ्या नजरेला पडलं. चार वर्षांची फी, हॉस्टेल, व्याज, वडिलांचा पगार, यांच्या बेरजा-वजाबाक्या तिने पुन्हा पुन्हा केल्या होत्या. कधी मेस कापून, कधी हॉस्टेल कापून. एका ठिकाणी लिहिलं होतं, 'धाकट्याचं काय?' धाकटा तेव्हा नववीत होता. शिक्षणाचं बाजारीकरण यावर भाषणं मी खूप ऐकली आहेत. त्याचं खरं रूप मला त्या पानावर दिसलं. अठरा वर्षांची मुलगी अभ्यास बाजूला ठेवून आपण घराला किती महाग पडतोय हे मोजत बसली होती.

हे सगळं १९८३ नंतरचं. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदान तत्त्वावर इंजिनिअरिंग आणि मेडिकल कॉलेजांना परवानगी मिळाली. खेड्यापाड्यातल्या कितीतरी मुलांना त्यामुळे शिकता आलं, हे नाकारता येत नाही. माझा स्वतःचा मामेभाऊ तसाच इंजिनिअर झाला. देणग्यांचा सुळसुळाट झाला म्हणून १९८७ मध्ये कॅपिटेशन फीविरोधी कायदा आला. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये पी. ए. इनामदार खटल्यात नफेखोरी आणि कॅपिटेशन फी चालणार नाही असं स्पष्ट सांगितलं. २०१५ मध्ये राज्याने प्रवेश आणि शुल्क यांच्या नियमनासाठी कायदा केला. म्हणजे कायदे झाले, यंत्रणा उभी राहिली. पण जिथे नियमन कडक झालं तिथून पैसा सरकला आणि नियमन सैल आहे तिथे गेला. पूर्वी टेबलाखालून मागत ते आता रीतसर फी म्हणून पावती देऊन घेता येतं. सवलतीच्या कॉलेजचं नाव पुढे करून बिनसवलतीची जागा विकणं हा त्यातलाच आजचा धंदा आहे, आणि त्यात संस्थेचा हात नाही यावर माझा विश्वास नाही. एकाच ब्रोशरवर दोन्ही नावं कन्सल्टन्सीने छापलेली नव्हती.

आता पैसे परत मिळवण्याबद्दल, कारण इथेच बहुतेक पालक हात टेकतात.

दिवाळीच्या आधीच, महाडीबीटीचा अर्ज परत आला त्याच आठवड्यात, आम्ही प्रवेश रद्द करायचा अर्ज घेऊन गेलो होतो. आवक-जावक विभागाने तो घेतलाच नाही. "आधी उरलेली फी भरा, मग कॅन्सलेशनचा फॉर्म मिळेल." मूळ कागद मागितले तर स्टँपवरचं हमीपत्र दाखवलं. माहेरच्या नात्यातले एक वकील आहेत, त्यांनी एकच विचारलं, "आज तारीख किती?" ऑक्टोबर चालू होता, आणि तेच महत्त्वाचं ठरलं. यूजीसीने २०२४-२५ साठी शुल्क परताव्याचं धोरण जाहीर केलं होतं. ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत, आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत केला तर जास्तीत जास्त एक हजार रुपये कापून बाकी सगळी परत. संस्थेच्या माहितीपुस्तकात काहीही छापलेलं असलं तरी. मूळ कागदपत्रांबाबतही यूजीसीची ऑक्टोबर २०१८ ची अधिसूचना आहे. मूळ प्रमाणपत्रं तपासून लगेच परत द्यायची, अडकवून ठेवायची नाहीत. या तारखा त्या वर्षापुरत्या होत्या. तुमच्या वर्षाचं पत्रक यूजीसीच्या संकेतस्थळावर बघून घ्या, आणि घरात कुरबूर सुरू झाली की 'सेमिस्टर तरी होऊ दे' म्हणत थांबू नका. थांबायला सांगणारे संस्थेचेच लोक असतात, आणि मुदत गेली की परतावा झपाट्याने शून्यावर येतो.

अर्ज त्याच दिवशी रजिस्ट्रारच्या ईमेलवर पाठवला आणि रजिस्टर एडीने टाकला. खाली दोन्ही पत्रकांचा उल्लेख केला. यूजीसीच्या ई-समाधान पोर्टलवर तक्रार नोंदवली, तिचा क्रमांक पुढच्या प्रत्येक पत्रावर लिहिला. तोंडी एक शब्दही बोलायचं नाही, असं वकीलसाहेबांनी बजावलं होतं. फोन आला की आम्ही म्हणायचो, हेच ईमेलवर कळवा. ईमेलवर 'उरलेल्या वर्षांची फी भरा' असं कोणीच कधी लिहिलं नाही. मूळ कागद डिसेंबरात मिळाले. शैक्षणिक फी नवीन वर्षात खात्यात जमा झाली. हॉस्टेल आणि मेसचे पैसे 'तो वेगळा करार' म्हणून ठेवून घेतले. सोन्यावरचं व्याज आम्हीच भरलं.

पण तोवर कॅपच्या सगळ्या फेऱ्या संपून गेल्या होत्या. पैसे परत करायचा नियम आहे, गेलेली जागा परत द्यायचा नियम नाही. मुलगी ते वर्ष घरी होती. बरोबरीच्या मैत्रिणींचे कॉलेजचे फोटो येत, ती मोबाईल पालथा ठेवून द्यायची. पाहुण्यांनी "सोडून का आलीस, झेपलं नाही का?" असं विचारलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. फसवणारा पुण्यात निवांत, आणि उत्तरं द्यायची ती पोरीने.

२०२५ ला तिने पुन्हा सीईटी दिली. कॅपमधून, संलग्न कॉलेजात, कॉम्प्युटरला जागा मिळाली. शिक्षण शुल्क माफ झालं, विकास शुल्क आम्ही भरलं. या वेळी कागद तिने स्वतः तपासले. सीईटी सेलच्या लॉगिनमधून निघालेलं वाटपपत्र, त्यावरचा कॉलेज कोड, पैसे भरल्यानंतरच्या पावतीवर तोच कोड आणि तेच नाव, आणि पदवी कुठल्या विद्यापीठाची. प्रवेशपत्रावर 'संस्थास्तर' असा शब्द नाही ना, तेही पाहिलं. मूळ कागद दाखवले, झेरॉक्स दिल्या आणि मूळ घेऊनच खुर्चीवरून उठली. तुम्हीही एवढं बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका, आणि हातातली कॅपची जागा कोणाच्या फोनवरच्या शब्दावर सोडू नका. कोणी माफी मिळेल म्हणत असेल तर ते संस्थेच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी मागा. आम्ही ते मागितलं तेव्हा "काकू, विश्वास नाही का?" असं उत्तर आलं होतं. त्यानंतर कोणी असं विचारलं तर तिथूनच उठा.

कन्सल्टन्सीचे साठ हजार अजून आलेले नाहीत. पोलीस ठाण्यात आधी 'ही दिवाणी बाब आहे' म्हणून परत पाठवलं, शेवटी अर्ज घेतला. जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार केली आहे. रोख दिल्याचा पुरावा म्हणून बँकेतून त्याच दिवशी काढलेल्या रकमेची नोंद, तो स्क्रीनशॉट आणि "साठ पोहोचले, काकू" असं त्या मुलाच्याच आवाजातलं एक रेकॉर्डिंग जोडलं आहे. त्या पत्त्यावर आता परदेशी शिक्षणाच्या सल्ल्याची पाटी आहे आणि फोन नंबर बदलले आहेत. आयोगाची नोटीस पत्त्यावर कोणी नाही म्हणून एकदा परत आली, ती पुन्हा काढली आहे.