कंपनीनेच घडवलेली वेगवान गाडी घ्यावी की साध्या टर्बोला रिमॅप करावा?

पळणारी छोटी गाडी घ्यायची म्हटली की कोल्हापुरात तीन वाटा दिसतात. कंपनीने स्वतः तयार केलेली (ह्युंदाईची आय२० एन लाइन, टाटाची अल्ट्रोज रेसर), भागीदारीत झालेली (टियागो जेटीपी, आता फक्त सेकंडहँड), नाहीतर साधी टर्बो इंजिनाची गाडी घेऊन ट्यूनरकडून रिमॅप, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या ईसीयू या कॉम्प्युटरचा प्रोग्राम बदलून ताकद वाढवणं.

नुसत्या आकड्यांत रिमॅपच जिंकतो. भानगड आकड्यांच्या मागे असते. फोक्सवॅगन व्हर्टसचं १.५ टीएसआय टर्बो इंजिन मुळातच २५० एनएम टॉर्क (चाक फिरवणारा जोर) देतं आणि त्याच्या सात गिअरच्या डीएसजीची, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची, मर्यादाही तेवढीच. हा कोरड्या क्लचचा डबा, क्लच गार ठेवायला तेल नाही. त्यावर आणखी ५० एनएम चढवले की क्लच घसरतो, तापतो आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरला थरथर सुरू होते. करूळ घाटात उसाच्या ट्रकमागे रांगत चढताना हे सगळ्यात आधी जाणवतं. रिमॅप करायचाच असेल तर मॅन्युअल बघा. क्लच प्लेट तिथेही लवकर जाईल, पण तिचा खर्च डीएसजीच्या कामापेक्षा बराच कमी. बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) वाढवल्यावर स्पार्क प्लगच्या टोकांमधला गॅप कमी केला नाही तर वरच्या आरपीएमला मिसफायर होतो, म्हणजे ठिणगी चुकते. पाचव्या गिअरात १५०० आरपीएमला अॅक्सिलरेटर पूर्ण दाबायची सवय असेल तर इंधन वेळेआधीच पेटतं आणि पिस्टनवरच बेततं.

याउलट अल्ट्रोजचं बघा. तिच्या आधीच्या टर्बो मॉडेलात, आयटर्बोत, ११० पीएस (ताकद), १४० एनएम आणि पाच गिअर होते. रेसरमध्ये १२० पीएस, १७० एनएम झाले, तेव्हा गिअरबॉक्सही सहाचा आला. टॉर्क वाढवणाऱ्यालाच गिअरबॉक्सचा आणि वॉरंटीचा हिशेब द्यायचा असतो, म्हणून असं होतं. कंपनीच्या गाडीचे जादा पैसे खरे त्याचेच.

एन लाइनबद्दल मात्र गैरसमज नको. ताकद पूर्वी मिळणाऱ्या साध्या आय२० टर्बोइतकीच, १२० पीएस. बदललंय ते सस्पेन्शन, स्टिअरिंग, एक्झॉस्ट आणि मागचे ब्रेक. रेसरला मागे ड्रम आहेत, एन लाइनला चारही डिस्क. फोंडा घाट भरल्या गाडीने उतरायचा असेल तर आमचा कौल एन लाइनला. सरळ हायवेवर कागलकडे पळवायची असेल तर दोन्ही सारख्याच.

जेटीपी टाटा आणि कोइमतूरच्या जयेमने मिळून २०१८ मध्ये आणली. ११४ पीएस, १५० एनएम, गाडी झकास. पण २०२० मध्ये ती भागीदारीच गुंडाळली. बॉनेट, बंपर, फेंडर तिचे स्वतःचे. उद्यमनगरात बुश किंवा ब्रॅकेट हवा तसा करून मिळेल, ठोकलेल्या बंपरच्या जागी नवा नाही. टोयोटातही दोन्ही तऱ्हा आहेत: जीआर यारिस घरची, जीआर सुप्राचं सहा सिलिंडरचं इंजिन बीएमडब्ल्यूचं. म्हणून भागीदारीची गाडी वाईट असं नाही, उद्या पार्ट कोण देणार एवढं आधी विचारा.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे कंपनीच्या मूळ तपशिलाबाहेरचा बदल अडचणीत आणतो, आणि विमा कंपनीला न कळवलेला बदल क्लेमच्या वेळी नडू शकतो. ‘सर्व्हिसिंगच्या आधी स्टॉक मॅप (कंपनीचा मूळ प्रोग्राम) टाकून देतो’ यावर विसंबू नका, काही ईसीयूत प्रोग्राम बदलल्याची नोंद राहते.

सेकंडहँड घेताना ट्रायल वाघबीळ ते पन्हाळा घ्या. चढाला दुसऱ्या गिअरात दोनदा पूर्ण थ्रॉटल द्या. आरपीएम वाढून वेग वाढत नसेल तर क्लच गेला समजा. उतरून आल्यावर स्टिअरिंग थरथरतं का बघा, आणि मगच किमतीचं बोला.