एसजी९० की एमजी९०एस?

यवतमाळकडच्या गावातल्या शाळेत विज्ञान प्रदर्शनासाठी कापूस वेचणारा रोबोटचा हात करायचा, तर पहिला प्रश्न सर्वो मोटरचा, म्हणजे सांगितलेल्या कोनात वळून तिथंच थांबणाऱ्या छोट्या मोटरचा: एसजी९० की एमजी९०एस? दोन्हींचा आकार जवळपास सारखा. ४.८ व्होल्टला जोरही कागदोपत्री तेवढाच, १.८ किलो-सेंटीमीटर, म्हणजे १० सेंटीमीटर लांब हाताच्या टोकाला जेमतेम १८० ग्रॅम, तेही मोटर थबकेपर्यंत ताणून.

खरा फरक पोटात आहे. एसजी९०चे गिअर प्लास्टिकचे, वजन ९ ग्रॅम. एमजी९०एसचे धातूचे, वजन साडेतेरा ग्रॅमच्या आसपास. हात अडकला की पोट्टे तो जोर लावून फिरवतातच, अन् प्लास्टिकचा दाता तिथंच जातो. बदली मोटर तालुक्याला मिळेलच असं नाही. नागपूरहून येईस्तोवर प्रदर्शन उरकलेलं असतं. म्हणून खांद्याला नि कोपराला एमजी९०एसच. बोंड धरणाऱ्या चिमट्याला एसजी९० पुरतो. टोकाला वजन कमी असलेलंच बरं.

नकली माल दोन्हींत भरपूर. आणि कोणताही घ्या, अर्डुइनोच्या, म्हणजे मोटरला हुकूम देणाऱ्या छोट्या बोर्डाच्या, ५ व्होल्टच्या पिनवर दोन-तीन सर्वो लादले की बोर्ड रीसेट होत राहतो. वीज वेगळी द्या, ग्राउंड (ऋण टोक) मात्र एकत्र जोडा.