एअर रायफलची स्वस्तातली पीप साइट: घ्यावी का?

सांगलीतल्या नवशिक्या नेमबाजांच्या हातात हल्ली ॲल्युमिनियमची स्वस्त पीप साइट, म्हणजे बारीक भोकातून नेम धरायची मागची साइट, दिसते. रायफलवरच्या 11 मिमीच्या खाचेवर ती चपखल बसते, पण स्प्रिंगच्या रायफलवर तिचे दोन स्क्रू पुरत नाहीत. धक्क्याधक्क्याने साइट सरकते. खाचेवर पेन्सिलने रेघ मारून ठेवा. रेघ हलली की नेम गेलाच.

खरी खोट साइटच्या नेम जुळवायच्या चाकात आहे. पाच क्लिक उजवीकडे, पाच डावीकडे फिरवले तरी छर्रा जुन्या जागी लागत नाही, कारण आट्यांत ढिलाई आहे. म्हणून दोन क्लिक जास्त फिरवून नेहमी एकाच बाजूने परत यायचं. पुढच्या आणि मागच्या साइटमधलं अंतर 70 सेंमी असेल तर 0.1 मिमी ढिलाईने 10 मीटरवर छर्रा 1.4 मिमी चुकतो. आणि लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका अवघा 0.5 मिमीचा!

भोक 1.1 मिमीपासून सुरू करा. पावसाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये अंधारून आलं तर थोडं मोठं. पुढच्या साइटच्या कड्यात लक्ष्याच्या काळ्या वर्तुळाभोवती पांढरी फट ठळक दिसलीच पाहिजे. कडं वर्तुळाला घट्ट बसेल इतकं लहान घेतलं की नजर शिणते, आणि नवशिके हमखास तेच करतात.

सरावाला चालेल, स्पर्धेला नको.