पुण्याचा नकाशा दुरुस्त करायचाय: गूगल मॅप्स की ओपनस्ट्रीटमॅप?

सोसायटीचं गेट मागच्या गल्लीत दाखवलंय. कधीच बंद झालेलं मेडिकल नकाशावर अजून उघडं आहे. ज्या बोळातून जेमतेम स्कूटर जाते, तिथे फोन चारचाकी घालायला सांगतो. पुण्यात राहणाऱ्या कुणालाही आपल्या भागातल्या अशा चार-पाच चुका तोंडपाठ असतात. त्यात शहर थांबायला तयार नाही. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावं महापालिकेत आली. चांदणी चौकातला जुना पूल २०२२ मध्ये पाडला आणि पुढच्या वर्षी तिथे नवे पूल, रॅम्प सुरू झाले. मेट्रोची जिल्हा न्यायालय ते स्वारगेट ही भुयारी मार्गिका सप्टेंबर २०२४ मध्ये पूर्ण खुली झाली. हे बदल सगळ्यात आधी कळतात ते तिथून रोज जाणाऱ्या माणसाला. त्यामुळे नकाशा दुरुस्त करावा असं तुमच्या मनात आलं असेल तर फारच छान. फक्त आठवड्यातला तो तास-दीड तास कुठे घालायचा, हे आधी ठरवायला हवं.

माझं मत सुरुवातीलाच सांगते. दुकान, दवाखाना, त्यांच्या वेळा, फोन नंबर यांसाठी गूगल मॅप्स. रस्ता, बोळ, जिना, टेकडीवरची पायवाट, चाकाच्या खुर्चीसाठी उतार आहे की नाही, यांसाठी ओपनस्ट्रीटमॅप, म्हणजे ओएसएम: जगभरच्या स्वयंसेवकांनी मिळून आखलेला, कुणालाही वापरता येणारा खुला नकाशा. आणि एकच निवडायचं असेल तर ओएसएम. या निवडीमागचं कारण तुम्ही बदल सेव्ह केल्यानंतर जे घडतं त्यात आहे.

सेव्ह केल्यावर पुढे काय?

गूगलवर आपण नकाशा बदलत नाही, बदल सुचवतो. ठिकाण उघडायचं, ‘बदल सुचवा’ दाबायचं, नाव किंवा वेळ दुरुस्त करायची किंवा ‘कायमचं बंद’ निवडायचं आणि पाठवायचं. मग ती सूचना ‘प्रलंबित’ दिसते. गूगलची यंत्रणा ती तपासते आणि सूचना स्वीकारते किंवा नाकारते. कधी काही मिनिटांत लागते, कधी बरेच दिवस जातात. निर्णय कुणी घेतला, कशाच्या आधारावर घेतला, हे सुचवणाऱ्याला कळत नाही. एखाद्या ठिकाणात आधी काय होतं, कुणी कधी काय बदललं, हा इतिहासही आपल्याला बघता येत नाही. त्या बदल्यात लोकल गाइड्स योजनेत गुण मिळतात: नवं ठिकाण टाकलं की १५, माहितीत दुरुस्ती केली की ५. ज्यांना हळूहळू वरच्या पातळीवर जाण्याचा हुरूप येतो, त्यांना ही व्यवस्था मानवते. मला त्यात गैर काही वाटत नाही.

ओएसएमवर परवानगी आधी मागावी लागत नाही, तपासणी नंतर होते. खातं उघडलं आणि बदल सेव्ह केला की तो लगेच मुख्य डेटात जातो आणि संकेतस्थळावरच्या नकाशात बहुतेक वेळा काही मिनिटांत दिसतो. नवख्या माणसाला याचीच भीती वाटते, म्हणून एक उदाहरण नीट पाहू.

बाजीराव रस्ता शनिवारवाड्याकडून स्वारगेटच्या दिशेनं एकेरी आहे. ओएसएममध्ये रस्ता म्हणजे बिंदू जोडून काढलेली रेषा आणि त्या रेषेला लावलेले टॅग: रस्त्याचा प्रकार, नाव, पृष्ठभाग, एकेरी की दुहेरी. एकेरीचा टॅग लावला की रेषा ज्या क्रमानं काढली आहे तीच वाहतुकीची दिशा धरली जाते. संपादकात, म्हणजे नकाशा बदलण्याच्या साधनात, त्या रेषेवर बारीक बाण दिसतात. आता समजा कुणी अनवधानानं रेषा उलटवली. नकाशावरची वाहतूक एका क्लिकमध्ये उलट दिशेला लागेल. पण ही चूक लपून राहत नाही. त्या तुकड्याची आवृत्ती एकानं वाढते आणि ‘इतिहास’ उघडला की कोणत्या खात्यानं, कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या चेंजसेटमधून हे केलं ते दिसतं. चेंजसेट म्हणजे एका बैठकीत केलेल्या बदलांचा गठ्ठा. त्याला टिप्पणी लिहायची असते आणि माहिती कुठून घेतली तेही सांगायचं असतं. त्याच पानावर दुसरा कोणीही विचारू शकतो, ‘दिशा बदलल्याची पाटी लागली आहे का? कुठल्या चौकात पाहिलीत?’ उत्तर पटलं तर बदल राहतो. नाही पटलं तर आधीची आवृत्ती परत आणता येते, कारण ती पुसली गेलेलीच नसते. नव्या खात्यांचे आणि संशयास्पद बदल चाळण्यासाठी ‘ओएसएमचा’ (OSMCha) या नावाचं वेगळं साधन आहे, आणि आपापल्या शहराचे बदल त्यावर नियमित पाहणारे स्वयंसेवक असतात. वाद मिटलाच नाही तर ओएसएममागच्या संस्थेचा, म्हणजे ओपनस्ट्रीटमॅप फाउंडेशनचा डेटा वर्किंग ग्रुप लक्ष घालतो.

दुरुस्तीचं कारण विचारता येणं आणि सांगावं लागणं, ही मला या कामातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. एकमेकांना कधी न भेटलेली माणसं एका गल्लीच्या दिशेवर सभ्यपणे चर्चा करतात आणि ती चर्चा पुढच्या माणसाला वाचायला मिळते.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. तुमचे सगळे बदल खात्याच्या नावासह, वेळेसह जगाला दिसतात. रोज घराच्या आसपासच संपादन केलंत, तर तुम्ही कुठे राहता याचा अंदाज कुणालाही बांधता येईल. खात्याला स्वतःचं नाव देऊ नका.

खोडसाळपणा दोन्हीकडे होतो

‘कोणीही बदलू शकतं, मग भरवसा काय?’ हा प्रश्न ओएसएमबद्दल हमखास विचारला जातो. दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्यात. गूगलचं मॅप मेकर हे साधन २००८ मध्ये आलं आणि भारतातल्या हजारो हौशी लोकांनी त्यावर रस्ते आखले. एप्रिल २०१५ मध्ये रावळपिंडीजवळ कुणीतरी त्यातून अँड्रॉइडचा रोबो अ‍ॅपलच्या चिन्हावर लघवी करतानाचं चित्र नकाशात घुसवलं. त्यानंतर गूगलनं संपादन काही काळ बंद ठेवलं, पुढे काही महिन्यांनी हळूहळू सुरू केलं आणि मार्च २०१७ मध्ये मॅप मेकर कायमचं बंद केलं. स्वयंसेवकांच्या हातातलं रस्ते आखण्याचं ते अख्खं साधन कंपनीच्या एका निर्णयासरशी गेलं.

ओएसएमवर २०१८ मध्ये न्यूयॉर्क शहराचं नाव बदलून तिथे ज्यूद्वेषी शब्द टाकला गेला. स्वयंसेवकांनी तो लवकरच काढून टाकला. पण ओएसएमचा डेटा वापरणाऱ्या मॅपबॉक्स या कंपनीच्या प्रतीत तो पुढे शिरला आणि ऑगस्टअखेरीस स्नॅपचॅटच्या नकाशावर लोकांना दिसला. मूळ डेटा तोवर केव्हाच नीट झाला होता. यातून ओएसएमची एक मर्यादाही कळते. दुरुस्ती मुळात लगेच होते, पण तो डेटा घेणारी अ‍ॅप आपापल्या वेळापत्रकानं अद्ययावत होतात. ऑरगॅनिक मॅप्ससारख्या ऑफलाइन अ‍ॅपमध्ये तुमची गल्ली दिसायला पुढच्या डेटा अपडेटची वाट बघावी लागते.

पुण्यात कुठे काय उपयोगी पडतं

आधी गूगलच्या बाजूचं, कारण ते थोडक्यात आहे आणि निर्विवाद आहे. पुण्यातली बहुतेक माणसं रस्ता शोधायला तेच उघडतात. लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानाची बदललेली वेळ तिथे दुरुस्त झाली, तर तिचा फायदा त्याच दिवसापासून होतो. गणपतीत रोज संध्याकाळी कोणता रस्ता बंद, पालखीच्या दिवशी कुठून वळवलंय, ही तात्पुरती माहिती आणि वाहतूक कोंडी यांत ओएसएम त्याच्या जवळपासही नाही. चार दिवसांचा मांडव ओएसएमवर टाकू नये, असाच तिथला संकेत आहे. घरपत्त्यांच्या आणि दुकानांच्या बाबतीतही ओएसएम पुण्यात विरळ आहे.

आता पेठा. जुन्या वाड्यांच्या खालून जाणारे बोळ उपग्रहचित्रात दिसतच नाहीत, कारण दोन्हीकडची छपरं वर एकमेकांना भिडलेली असतात. तिथे जीपीएसही उड्या मारतं. असा बोळ नकाशात यायचा तर कुणीतरी तिथून चालत जायला हवं. ओएसएममध्ये त्याला पायवाटेची रेषा देता येते, जेवढा भाग इमारतीखालून जातो तेवढ्याला ‘इमारतीतून जाणारी वाट’ असा वेगळा टॅग लावता येतो, रुंदी लिहिता येते, टोकाला लोखंडी खांब रोवला असेल तर तोही दाखवता येतो. मग पायी जाणाऱ्याला ती वाट सुचवली जाते आणि मोटारवाल्याला सुचवली जात नाही. गूगलवर रस्ता नसल्याचं कळवता येतं, पण इतक्या बारकाव्यांसाठी तिथे सामान्य माणसाला जागा नाही.

नावांचंही तसंच. खुन्या मुरलीधर, पत्र्या मारुती, पासोड्या विठोबा ही नावं पुणेकराच्या पत्त्यातला अविभाज्य भाग आहेत. ओएसएममध्ये मुख्य नावाशेजारी मराठी नावाचा रकाना आहे, पर्यायी नावाचा आहे, जुन्या नावाचाही आहे. चौकाचं नाव बदललं तरी लोक जुनंच म्हणत राहतात आणि दोन्ही नावांनी शोध लागू शकतो. देवनागरीत नावं भरणं हे मराठी माणसाला घरबसल्या करता येण्यासारखं, कमालीचं उपयोगी आणि फारच कमी हात लागलेलं काम आहे. मराठी विकिपीडियावरचे नकाशेही ओएसएमच्याच डेटावर चालतात, हे लक्षात घेतलं तर त्याचं महत्त्व कळेल.

वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजाई इथल्या पायवाटा हे पुण्यातलं माझं सर्वांत आवडतं क्षेत्र. कोणती वाट खाणीकडे उतरते, कोणती पावसाळ्यात निसरडी होते, कुठल्या फाटकातून आत जाता येतं, हे सकाळी फिरायला जाणाऱ्यांना ठाऊक असतं आणि नकाशाला नसतं. पर्वतीच्या १०३ पायऱ्यांसारख्या ठिकाणी पायऱ्यांची संख्या आणि कठडा आहे की नाही हेही ओएसएममध्ये भरता येतं. गुडघे दुखणाऱ्या आजोबांना वर न्यायचं की नाही हे ठरवताना ही माहिती लागते.

उड्डाणपुलांपाशी मात्र सांभाळून. पुलाची रेषा खालच्या रस्त्याच्या रेषेला जिथे ओलांडते, तिथे दोघींना एकच बिंदू द्यायचा नसतो. तो दिला तर मार्ग दाखवणारं अ‍ॅप पुलावरच्या माणसाला मध्येच ‘उजवीकडे वळा’ म्हणेल. पुलाला पुलाचा टॅग, वरच्या थराचा क्रमांक, आणि रॅम्प जिथे खरोखर मिळतो फक्त तिथे सामाईक बिंदू. चांदणी चौकासारख्या ठिकाणी पहिल्याच दिवशी हात घालू नका.

श्रम कुणाच्या मालकीचे?

गूगलला दिलेली माहिती गूगलच्या नकाशात जाते. तुम्ही लिहिलेलं किंवा काढलेला फोटो तुमचा राहतो, पण सगळ्यांनी मिळून दुरुस्त केलेला पुण्याचा नकाशा तुम्हाला उतरवून घेता येत नाही. २००४ मध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी ब्रिटनमध्ये सुरू केलेल्या ओएसएमचा डेटा खुल्या परवान्यावर आहे. श्रेय द्या, आणि डेटात भर घालून तो पुढे वाटलात तर त्याच परवान्यावर वाटा, एवढ्याच मुख्य अटी. एखाद्या महाविद्यालयातल्या मुलीला आपल्या प्रभागातल्या सार्वजनिक स्वच्छतागृहांचा नकाशा करायचा असेल, तर कुणाची परवानगी न मागता ती तो डेटा घेऊ शकते. २०१५ च्या नेपाळ भूकंपात जगभरच्या स्वयंसेवकांनी घरी बसून रस्ते आणि घरं आखली आणि मदतपथकांनी ती वापरली, तेही याच मोकळीकीमुळे. अ‍ॅमेझॉन, अ‍ॅपल, मेटा या कंपन्यांची पगारी माणसंही ओएसएमवर संपादन करतात. काहींना ते खटकतं. पण त्यांचेही चेंजसेट आपल्याला तपासता येतात, तेव्हा मला त्याची हरकत वाटत नाही.

याच परवान्यामुळे एक नियम कडक आहे: गूगल मॅप्समधून काहीही उतरवून ओएसएममध्ये भरायचं नाही. २०२२ पासून पुण्यात उपलब्ध असलेलं स्ट्रीट व्ह्यू पाहून दुकानाचं नाव लिहिणंही यात आलं. स्वतः पाहिलेलं, स्वतः काढलेल्या फोटोतलं, किंवा परवानगी असलेल्या उपग्रहचित्रांवरून आणि मॅपिलरी या लोकांनी काढलेल्या रस्त्यांच्या फोटोंच्या संकेतस्थळावरून घेतलेलं चालतं.

विकिमॅपिया या उपग्रहचित्रावर जागा आखून नावं लिहिण्याच्या संकेतस्थळाचा उल्लेख बऱ्याच जणांकडून ऐकू येतो, कारण २००६ नंतरची काही वर्षं आपल्याकडे तो फार लोकप्रिय होता. चौकोन आखून ‘हे आमचं घर’ लिहिण्याचे दिवस होते ते. आज नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं तिथे वेळ घालावा असं मला वाटत नाही.

ओएसएम ठरलं, तर कोणत्या साधनानं?

फोन अँड्रॉइड असेल तर स्ट्रीटकम्प्लीट. ते तुमच्या आसपासच्या जागांबद्दल साधे प्रश्न विचारतं: या रस्त्याचा पृष्ठभाग कसा आहे, या बसथांब्याला शेड आहे का, इथे किती पायऱ्या आहेत? थांब्यावर पीएमपीची वाट बघता बघता उत्तर द्यायचं. टॅग लक्षात ठेवावे लागत नाहीत. दुकानं भरायची असतील तर एव्हरी डोअर, ते आयफोनवरही चालतं. रेषा आखायला संगणकावर, ब्राउझरमध्ये उघडणारा ‘आयडी’ (iD) नावाचा संपादक पुरेसा आहे. फक्त एक सवय लावून घ्या. उपग्रहचित्र कधी कधी काही मीटर सरकलेलं असतं. आधीचे रस्ते चित्रापेक्षा बाजूला दिसले म्हणून सगळे ओढून ‘नीट’ करू नका, आधी जीपीएसच्या नोंदी चालू करून पडताळा. जोसम हे जुनं आणि ताकदवान साधन आहे, बसमार्गांसारख्या गुंतागुंतीच्या कामाला त्याला तोड नाही, पण काही महिने आयडीवर हात बसल्याशिवाय तिकडे जाण्याची घाई नको.

पहिला चेंजसेट एका गल्लीपुरता ठेवा आणि टिप्पणी मराठीत लिहिली तरी चालते, पण कामाची लिहा: ‘सदाशिव पेठ: बोळाचं देवनागरी नाव भरलं, पूर्वेकडच्या टोकाला खांब दाखवला, प्रत्यक्ष पाहून.’ पुढे कुणी प्रश्न विचारला की ईमेल येईल. त्याला उत्तर द्या. शंका असेल तर पुन्हा जाऊन पाटी बघून या, आणि मग द्या.