मालदीवच्या ‘प्रवेशपरवान्या’पायी गेलेले ४४,००३ रुपये ७० पैसे

१२ मार्च २०२५ रोजी पहाटे मुंबई विमानतळावर, सामान जमा करण्याच्या खिडकीपाशी बसलेल्या मुलीने मी मालदीवचे ‘प्रवेशपरवाने’ म्हणून मोठ्या ऐटीत पुढे केलेले चार रंगीत कागद उलटसुलट करून पाहिले आणि मागच्या रांगेलाही ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, “काका, ह्याचे पैसे भरलेत? इमुगा तर फुकट असतं, आणि हे इमुगा नाहीच.” मी एकतीस वर्षे बँकेत नोकरी केली आहे, खोट्या सह्या पकडल्या आहेत, आणि त्या क्षणी सूनबाईच्या नजरेला नजर देण्याची माझी हिंमत झाली नाही. तिनेच बाजूला उभे राहून मोबाइलवर चौघांचे इमुगा घोषणापत्र भरले. त्यासाठी एक रुपयाही लागला नाही.

मालदीवला जाणाऱ्यांनी हे आधीच समजून घ्यावे, की पर्यटकाचा व्हिसा तेथे उतरल्यावर विनाशुल्क मिळतो आणि इमुगा हे प्रवासी घोषणापत्र तेथील इमिग्रेशन विभागाच्या संकेतस्थळावर विनामूल्य भरता येते. त्या संकेतस्थळाचा पत्ता ‘जीओव्ही डॉट एमव्ही’ने संपतो. मी मात्र शोधयंत्रात सर्वांत वर आलेल्या जाहिरातीवर बोट ठेवले. झेंडा, राजमुद्रेसारखे चिन्ह, निळी पट्टी, सारे काही जागच्या जागी होते. ‘साधारण’, ‘तातडीची’ आणि ‘अतितातडीची’ अशा तीन सेवा होत्या, त्यांतली साधारण सेवा माणशी ६९ डॉलरची होती. सरकारी घोषणापत्राला अतितातडीचा दर कसा असेल, हा प्रश्न मला पडला नाही. माझ्या बाजूने एवढेच सांगतो, की २०१८ मध्ये श्रीलंकेला जाताना ऑनलाइन परवान्याचे पैसे मी रीतसर भरले होते, त्यामुळे बेटांच्या देशात असे शुल्क असतेच, हे माझ्या मनात पक्के बसलेले होते.

१७ फेब्रुवारीला क्रेडिट कार्डावरून २७६ डॉलर, म्हणजे २४,०१२ रुपये गेले. परकीय चलनातील व्यवहारावर बँकेने लावलेले अधिमूल्य ८४० रुपये ४२ पैसे आणि त्यावरील जीएसटी १५१ रुपये २८ पैसे वेगळे. ओटीपी आला नाही. परदेशी संकेतस्थळांवर तो पुष्कळदा येत नाही, हे बँकेत राहून मला ठाऊक होते, आणि नेमके त्याच माहितीमुळे मी निश्चिंत राहिलो.

खरी चूक पुढची आहे आणि ती आठवली की आजही रात्री झोप उडते. १८ फेब्रुवारीला ज्या गेस्टहाउसमध्ये आम्ही उतरणार होतो, त्याच्या मालकाचा ईमेल आला. त्यात स्वच्छ लिहिले होते, की इमुगा विमान सुटण्याच्या ९६ तासांच्या आतच भरता येते आणि त्याला पैसे पडत नाहीत. माझा ‘परवाना’ तेवीस दिवस आधीच मंजूर होऊन हातात आलेला होता! मी तो ईमेल दोनदा वाचला, आणि हे कुठले तरी दुसरे, किरकोळ पत्र असावे, आपले मुख्य काम झालेले आहे, अशी स्वतःची समजूत घालून मिटवून टाकला. त्याच दिवशी बोंब मारली असती, तर निदान पुढचे १९,००० रुपये तरी वाचले असते.

कारण २० तारखेला व्हॉट्सॲपवर फोन आला. शुद्ध हिंदीत बोलणाऱ्या गृहस्थांनी सांगितले, की भारतातून येणाऱ्यांना पिवळ्या तापाच्या लसीचा दाखला लागतो, तो नसल्यास ‘आरोग्य सूटपत्र’ घ्यावे लागेल, माणशी ४,७५० रुपये, तेही यूपीआयने आणि एका खासगी नावाच्या खात्यावर. माझी पत्नी महापालिकेच्या रुग्णालयात परिचारिका होती. ती शेजारीच भाजी निवडत होती. “अहो, पिवळा ताप आफ्रिकेत आणि दक्षिण अमेरिकेत. आपल्याकडे तो नाहीच, उलट तिकडून येणाऱ्यांकडे आपण दाखला मागतो,” असे ती म्हणाली, आणि मी तिला हाताने गप्प केले. तिचे अक्षर न् अक्षर खरे होते. मालदीव हा दाखला पिवळ्या तापाचा धोका असलेल्या देशांतून येणाऱ्यांकडेच मागतो, भारत त्या यादीत नाही, आणि लस ठरावीक अधिकृत केंद्रांवरच मिळते, ती फोनवरून माफ होत नसते.

सूटपत्रासोबत अकरा पानांचे ‘आरोग्य मार्गदर्शन’ आले, ते तर संतापजनक होते. त्यात हिवतापाच्या गोळ्या घेण्याचा सल्ला होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्येच मालदीवला हिवतापमुक्त घोषित केले आहे. डेंग्यू तेथे आहे, त्याचे डास दिवसा चावतात, त्यामुळे अंगभर कपडे आणि डासांचे मलम दिवसाही हवे, याबद्दल एक ओळही नव्हती. मद्य, डुकराचे मांस आणि पूजेच्या मूर्ती देशात नेण्यास बंदी आहे, हेही नव्हते. ते सूनबाईने निघण्याच्या आदल्या रात्री तेथील सीमाशुल्क विभागाच्या पानावर वाचले, म्हणून पत्नीच्या पर्समधला चांदीचा गणपती देव्हाऱ्यात परत गेला. ई-सिगारेट ओढणाऱ्यांनीही ती घरीच ठेवावी, २०२४ च्या नोव्हेंबरपासून तिच्यावरही बंदी आहे. माले येथे उतरल्यावर पिवळ्या तापाचे नावही कोणी काढले नाही.

परतल्यावर पोलीस ठाण्यात तीनदा गेलो. पहिल्यांदा साहेब बंदोबस्तावर होते. दुसऱ्यांदा अंमलदारांनी विचारले, “कागद दिला ना त्यांनी तुम्हाला? मग फसवणूक कसली?” तिसऱ्यांदा, ज्या खात्यात पैसे गेले ते परराज्यातले असल्याने तिकडेच तक्रार करा, असा सल्ला मिळाला. गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी नोंदवून घ्यायचा असतो, हे नव्या नागरिक सुरक्षा संहितेतले कलम १७३ मी छापून नेले होते. ते त्यांनी वाचले आणि चहाच्या कपाखाली ठेवले.

कार्ड देणाऱ्या बँकेने त्याहून कमाल केली. चार्जबॅकच्या, म्हणजे कार्डावरून गेलेले पैसे परत मागण्याच्या, अर्जाला एकवीस दिवसांनी उत्तर आले, की व्यवहार ‘ग्राहकाने ओटीपी देऊन’ पूर्ण केलेला आहे. जो ओटीपी आलाच नाही, तो मी दिला कसा, असे विचारल्यावर दुसरे पत्र आले, की तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले नाही म्हणून जबाबदारी माझी. फसवले गेल्याचे कळले तेवीस दिवसांनी, मग तीन दिवसांत काय कळवायचे होते? ग्राहक सेवेच्या सहा जणांना मी हीच कथा सहा वेळा सांगितली, आणि प्रत्येकाने शेवटी, मी सेवेबद्दल समाधानी आहे का, असे विचारले.

तुमचे असे झाल्यास त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा, माझ्यासारखी लाज वाटून दोन आठवडे घालवू नका. बँकेला लेखी कळवा, पोच घ्या. तीस दिवसांत निकाल लागला नाही किंवा तो पटला नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार विनाशुल्क करता येते. माझी तक्रार तेथे दाखल आहे आणि तिच्यापुढे अद्याप ‘विचाराधीन’ असेच लिहिलेले दिसते. काल रात्री पुन्हा शोधून पाहिले, तर तीच निळी पट्टी, तोच झेंडा सर्वांत वर होता. साधारण सेवेचा दर आता ७९ डॉलर झाला आहे.