टक्सिडो अर्चिन सांगून पेन्सिल अर्चिन पाठवले, ७,३०० रुपये गेले

मी वरुड तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो, घरी संत्र्याची बाग आहे आणि समोरच्या खोलीत २०० लिटरचा रीफ टँक (खाऱ्या पाण्याचा, जिवंत कोरल म्हणजे प्रवाळ ठेवायचा) आहे, तीन वर्षं झाली. दोन क्लाउनफिश, मशरूम आणि झोआ नावाचे कोरल, बस एवढंच. आमच्याकडं असं काही ठेवणारं आसपास कुणीच नाही त्यामुळं जे पाहिजे ते फोनवरून मागवावं लागते, आणि तिथंच मी फसलो. तुम्ही फसू नका म्हणून सगळं लिहून रायलो.

मे महिन्यात टँकमध्ये हेअर अल्गी म्हणजे शेवाळ सुटलं. हिरवे केसांसारखे पुंजके, आठ दिवसांत सगळे खडक झाकून गेले. इकडं पारा ४५ च्या वर जाते, पाणी भराभर उडते, रोज तीन-चार लिटर आरओचं पाणी टाकावं लागते. टाकत होतो, पण आरओची मेम्ब्रेन खराब झालेली आहे हे बघितलंच नव्हतं. बोअरचं पाणी, त्यात शेतातल्या खताचं नायट्रेट उतरलेलं. उडते ते फक्त पाणी, बाकी सगळं टँकमध्येच साचते, आणि अल्गीले तेच पाहिजे असते.

मग अर्चिनचा विचार आला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, अर्चिन म्हणजे समुद्रातला सायाळीसारखा काटेरी गोळा, खालच्या बाजूला पाच दात असतात आणि त्यानं तो खडक खरवडत अल्गी खातो. १९८३-८४ मध्ये कॅरिबियन समुद्रात डायडेमा जातीचे अर्चिन रोगानं ९० टक्क्यांहून जास्त मेले आणि तिथले प्रवाळ अल्गीखाली दबून गेले, हे मी वाचलेलं होतं, त्यामुळं अर्चिन काम करते याच्यावर माझा विश्वास पक्का होता. विक्रेत्यानं नेमका तोच विश्वास पकडला.

फोटो एकदम मस्त पाठवला, निळे मखमली पट्टे असलेला टक्सिडो जातीचा अर्चिन. म्हणाला, "भाऊ, तुमच्या टँकले चार तरी लागतील, आठ दिवसांत काच चमकन, आरओ-फारओचं टेन्शनच घेऊ नका." १,६०० चा एक, चार घेतले, पॅकिंग आणि पार्सल ९०० वेगळे, सगळे पैसे आधीच यूपीआयनं. मी व्हिडिओ मागितला तर "लाईट नाही, उद्या टाकतो" म्हणे, आणि आमच्याकडंही लाईट जातच असते म्हणून मला ते खरं वाटलं. २०० लिटरले एक टक्सिडो पुरते. चार टाकले तर अल्गी संपल्यावर उपाशी मरतील, त्यांना नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ) घालत बसावं लागते. हे मी नंतर शोधलं, आधी शोधायले पाहिजे होतं.

नागपूरवरून ट्रॅव्हल्सनं खोका आला, रात्री साडेनऊले स्टँडवर जाऊन घेतला. पिशव्या उघडल्या तर निळं काहीच नाही. जाड, बोथट, शिसपेन्सिलीसारखे काटे. चारही पेन्सिल अर्चिन. पिशवीतलं पाणी रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायचं यंत्र) टाकलं तर १.०१९, माझा टँक १.०२५ वर. अर्चिनले असा खारटपणाचा झटका सहन होत नाही म्हणून थेंब थेंब पाणी सोडत अडीच तास बसलो, रात्रीचा एक वाजला. एक तर पिशवीतच गेलेला होता. दुसऱ्याचे सकाळी काटे पडायले लागले. बाबा टँकजवळ उभे होते, म्हणाले, "बापू, याचे काटे तं गळून रायले रे, आंबियाचा बार गळते तसे." तळाशी वाळूवर काटे पडलेले आणि काचेले धरून ठेवणारे ते बारीक पाय सुटलेले. काटे गळू लागले की अर्चिन बहुतेक वाचत नाही, आणि मेलेला राहू दिला तर पाणी नासते, म्हणून संध्याकाळपर्यंत काढून टाकला.

विक्रेत्याला फोन केला तर म्हणे "अर्चिन अर्चिनच असते भाऊ, काम सेमच करते." सेम अजिबात नाही. पेन्सिल अर्चिन फक्त अल्गीवर भागवत नाही, स्पंज खाते, कोरलले तोंड लावते. राहिलेले दोन दिवसा खडकाखाली लपून बसायचे. तिसऱ्या रात्री टॉर्चले लाल कागद लावून बघितलं तर एक माझ्या झोआच्या गुच्छावर बसलेला. सात डोक्यांपासून दोन वर्षांत चाळीस केले होते, सकाळी मोजले तर अकरा उरले. अल्गी मात्र जशीच्या तशी. दोघांनाही पाण्याच्या बाहेर न काढता डब्यातच धरून बाजूच्या टाकीत हलवलं, त्यांचा काय दोष.

मेलेल्याचे पैसे मागितले तर नवीनच नियम निघाला, पिशवी फोडायच्या आधीचा व्हिडिओ पाहिजे, दोन तासांच्या आत. हे पैसे घेताना सांगितलं नव्हतं. दोन दिवसांनी नंबर ब्लॉक. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर तक्रार केली, ते पोर्टलवरही भरायले सांगतात, पावती नंबर मिळाला, पैसे अजून नाहीत. उशीर केला म्हणूनही अवघड झालं, फसलो कळलं त्याच रात्री फोन करायले पाहिजे होता.

आता मेम्ब्रेन बदलली, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) शून्यावर आहे, अल्गी हातानं उपटून टूथब्रशनं खडक घासतो, दर आठवड्याला २० लिटर पाणी बदलतो. महिनाभरात निम्मी कमी झाली, अर्चिनशिवाय. पुढं कधी घेतलाच तर तोच प्राणी काचेवर चालताना, बाजूला आजची तारीख लिहिलेला कागद, आणि टँकच्या पाण्याचं रीडिंग, एवढं एकाच व्हिडिओत दाखवलं तरच पैसे टाकीन.

परवा तोच फोटो दुसऱ्या नंबरवरून फिरताना दिसला. टक्सिडो काचेच्या उजव्या बाजूला, मागं पांढरा थर्मामीटर आणि काचेवर वर कोपऱ्यात एक तिरपी ओरखड्याची रेघ. तो फोटो तुमच्याकडं आला तर एक रुपयाही पाठवू नका.