सासूबाईंची कावीळ आणि पोट-यकृताचं क्लिनिक : अकरा महिन्यांचा अनुभव

इचलकरंजीत कावीळ म्हटलं की सगळ्यांना २०१२ आठवतं. त्या उन्हाळ्यात पंचगंगेच्या दूषित पाण्यातून हिपॅटायटिस ई पसरला, हजारो लोक आजारी पडले, काही दगावले. त्यामुळे गेल्या श्रावणात सासूबाईंचे डोळे पिवळे दिसले तेव्हा घरात फारसं कुणी घाबरलं नाही. पाण्यातून आली असेल, पंधरा दिवसांत उतरेल, असंच सगळे धरून चाललो होतो. हळद-तेल बंद झालं, उसाचा रस सुरू झाला, शेजारच्या गावातून काविळीची माळ आली. माळ वाढत वाढत गुडघ्यापर्यंत आली की कावीळ उतरली म्हणतात. माळ वाढली, पण लघवी काळ्या चहासारखीच राहिली आणि अंगाची खाज त्यांना रात्रभर झोपू देईना. यात तीन आठवडे गेले. ते तीन आठवडे आम्ही वाया घालवायला नको होते.

फॅमिली डॉक्टरांनी रक्त तपासलं तेव्हा बिलिरुबिन, म्हणजे काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य, ११.४ आणि एसजीपीटी, म्हणजे यकृताला सूज आली की रक्तात वाढणारा घटक, ९८० आला. एसजीपीटी साधारण ४० च्या आत असायला हवा. त्यांनी लगेच कोल्हापूरच्या पोट आणि यकृताच्या तज्ज्ञांकडे पाठवलं. तिथलं नाव मी लिहीत नाही, कारण पुढे काही तक्रारीही आहेत.

पहिल्या दिवशी अडीच तास बसलो. आत गेल्यावर मात्र डॉक्टरांनी चाळीस मिनिटं दिली, आणि त्यातली निम्मी नुसती विचारण्यात गेली. रक्त कधी चढवलंय का, गोंदवून घेतलंय का, घरात कुणाला यकृताचा त्रास होता का, थायरॉइडची गोळी किती वर्षं चालू आहे. मग म्हणाले, "मावशी, औषध वाटत नसलं तरी रोज पोटात जातं ते सगळं सांगा. काढा, चूर्ण, रस, काहीही." सासूबाई गप्प बसल्या. उत्तर मी दिलं, कारण गुळवेलीचा काढा रोज सकाळी मीच करून देत होते, कोरोनाच्या लाटेपासून. परसातल्या कडुलिंबावर चढलेला वेल होता. औषध म्हणून कधी तो आमच्या मनातच आला नव्हता.

हे विचारण्याचं कारण त्यांनी समजावून सांगितलं. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताच्या सुजेचा अहवाल छापला होता. आयुष मंत्रालयाने तो मान्य केला नाही. पुढच्या वर्षी देशातल्या अनेक केंद्रांनी मिळून अशाच ४३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. अशा सुजेचं रूप ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखं असतं, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उठते. थायरॉइडसारखा आजार आधीपासून असलेल्यांनी जास्त सांभाळायला हवं. मला बाजूला घेऊन त्यांनी हेही सांगितलं की गुळवेल घेऊन काहीही न झालेली माणसं भरपूर आहेत, तेव्हा मनाला लावून घेऊ नका. मी लावून घेतलंच. पण त्यांनी ते सांगितलं, याबद्दल मी त्यांची कायम ऋणी राहीन.

काढा त्याच दिवशी बंद. हिपॅटायटिस ए, बी, सी, ई चारही निगेटिव्ह आले. एएनए पॉझिटिव्ह आणि आयजीजी वाढलेलं निघालं, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःवरच उठल्याच्या खुणा रक्तात दिसल्या. रोज रिपोर्ट आला की आमचं लक्ष एसजीपीटीकडे जायचं आणि डॉक्टरांचं आयएनआरकडे. रक्त गोठवणारी बरीचशी द्रव्यं यकृतच बनवतं, त्यामुळे यकृत अजून काम करतंय की थकलंय हे आयएनआर सांगतो. तो १.४ होता. दीडच्या वर जाऊन मावशी बरळायला लागल्या किंवा दिवसा झोपून राहू लागल्या तर फोनची वाट न बघता थेट घेऊन या, असं त्यांनी कागदावर मराठीत लिहून दिलं. तो कागद आम्ही फ्रिजवर चिकटवला.

बायोप्सीचं, म्हणजे तपासणीसाठी यकृताचा बारीक तुकडा काढण्याचं, नाव ऐकून सासूबाई रडल्या. पण जागा बधिर करून उजव्या बरगड्यांमधून बारीक सुई गेली आणि क्षणात बाहेर आली. नंतर काही तास उजव्या कुशीवर पडून राहायला लावलं, तेच त्यांना जास्त जड गेलं. निदान पक्कं झाल्यावर प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड ४० मिलिग्रॅमने सुरू झालं. बिलिरुबिन दोन महिन्यांत दोनच्या खाली आलं, खाज त्याआधीच थांबली.

स्टिरॉइडचा त्रास व्हायचा तो झालाच. चेहरा सुजला, झोप उडाली, साखर २४० वर गेली. उसाचा रस डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत बंद करवला होता, नाहीतर काय झालं असतं कोण जाणे. हळद आणि तेल मात्र परत सुरू करायला सांगितलं. सुजलेल्या यकृताला उपाशी ठेवून चालत नाही, डाळ, अंडी, दही पोटात जायलाच हवं. गोळी दर काही आठवड्यांनी थोडी थोडी कमी होत गेली. एकदम बंद करायची नाही, हे प्रत्येक भेटीत बजावतात.

फायब्रोस्कॅनसाठी, म्हणजे यकृत किती कडक झालंय ते बाहेरूनच मोजणाऱ्या तपासणीसाठी, मी सुरुवातीपासून मागे लागले होते. त्यांनी सहा महिने केलाच नाही. सूज असताना यकृत असंही कडकच दाखवतं, आकडा खोटा मोठा येतो आणि तुम्ही उगाच घाबराल, म्हणाले. सूज उतरल्यावर केला, तीन तास उपाशीपोटी. बरगडीवर टिचकी मारल्यासारखं दहा वेळा होतं, दुखत नाही. ६.२ किलोपास्कल आला, म्हणजे कायमचे व्रण पडलेले दिसत नाहीत. मशीन त्यांच्याच क्लिनिकमध्ये आहे आणि एका वेळेचे ३,००० रुपये घेतात. तरी ते वाट बघत राहिले, याचं मला मोल वाटतं.

मध्येच माझ्या नवऱ्यानेही तिथेच दाखवलं, वर्षानुवर्षांच्या पित्तासाठी. एन्डोस्कोपीआधी दोन आठवडे पित्ताची गोळी बंद ठेवायला लावली, कारण ती चालू असली तर एच. पायलोरी जिवाणू तपासणीत लपून जातो. जिवाणू सापडला, चौदा दिवसांची औषधं झाली, रोजची गोळी सुटली.

आता तक्रारी. नंबर लावूनही दोन तास बसावं लागतं, आणि लांबून येणाऱ्या आजारी माणसाला टेकायला एक खाट तरी हवी. रिसेप्शनचा फोन दुपारी कुणी उचलत नाही. आहारतज्ज्ञांनी ओट्स आणि ब्रोकोलीचा छापील तक्ता हातात ठेवला. ज्वारीची भाकरी, आमटी खाणाऱ्या बाईने त्याचं काय करायचं? पुढच्या भेटीत मी आमचं रोजचं ताट लिहून नेलं, तेव्हा कुठे त्यातलं काय किती खायचं ते सांगितलं. लिहून दिलेली औषधं खालच्या दुकानातच मिळतील असं भासवतात, पण घटकाचं नाव दाखवल्यावर इचलकरंजीत सगळी मिळाली, तीही स्वस्तात.

कुणी जाणार असेल तर जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या, आणि घरात घेतलं जाणारं प्रत्येक चूर्ण, काढा, पुडी पिशवीत घालून सोबत ठेवा. आम्हाला दुसऱ्या भेटीत वेलाचा तुकडा न्यावा लागला होता.

सध्या एसजीपीटी ३१, बिलिरुबिन ०.८, स्टिरॉइड ५ मिलिग्रॅम. सासूबाई पहाटे पुन्हा देवळात जाऊ लागल्या आहेत. नागपंचमीनंतरच्या भेटीत शेवटची गोळी बंद होईल. त्यानंतर सूज परत आली नाही तर सगळं काढ्यामुळेच झालं असं धरता येईल. आली, तर आजार आतच दबा धरून होता आणि औषध बरीच वर्षं घ्यावं लागेल. दर महिन्याला रक्त तपासायचं ठरलंय. काय होतं ते इथेच खाली लिहीन.